आठव्याला ड, नवव्याला ड

“काकू रेवती! काकूंना रेवती आली!”

दादाची मुलगी सई फोन नाचवत स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि बाहेरच्या खोलीतल्या आम्हा सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मे महिन्यातला रविवार. आमरसाचं जेवण नुकतंच उरकलेलं, पंखा नुसती गरम हवा फिरवत होता. दादा सतरंजीवर आडवा झाला होता, वहिनी सुपारी कातरत होती, आई खुर्चीत बसून गुडघ्याला तेल चोळत होती. आणि मी, म्हणजे पुढच्या सगळ्याला कारण ठरलेला शहाणा, दाराला टेकून दात कोरत उभा होतो.

“कोण आली?” आईचा तेलाचा हात थांबला.

“रेवती, आजी! काकूंनी आत्ता भरलं. बघ, फोटोपण आलाय.”

‘थोरलं घर’ नावाची एक मालिका तेव्हा रोज साडेसातला लागायची आणि मिरजेत आमच्या गल्लीत त्या वेळी कुणी कुणाची बेल वाजवायचं नाही. तिच्यात उमा होती, थोरली सून, जिला कधी राग येत नाही. आबासाहेब होते, घराचा खांब. एक विनोदी मावशी होती. आणि रेवती होती, धाकटी सून. महिन्याभरापूर्वी ती पहाटे बॅग घेऊन कुणालाही न सांगता घरातून निघून गेली होती. आमच्या आईने त्यानंतर चार दिवस रेवतीला शिव्या घातल्या होत्या, तेही जेवताना, घास हातात धरून.

त्याच मालिकेची ही प्रश्नावली फोनवर फिरत होती. ‘थोरल्या घरातले तुम्ही कोण?’ नऊ प्रश्न, प्रत्येकाला अ, ब, क, ड अशी चार उत्तरं, शेवटी निकाल. सकाळपासून सई दादाचा फोन घेऊन घरभर फिरत होती. आईला उमा आली होती, तेव्हापासून आई खुशीत होती. वहिनीला मावशी, दादाला आबासाहेब. मलाही आबासाहेब आले होते. आणि माझ्या बायकोला, केतकीला, रेवती.

“अगंबाई!” वहिनी हसली. “केतकी, बॅग भरलीस की काय?”

आतून नळाचा आवाज येत होता. “काहीतरीच असतं ते, वहिनी,” केतकी आतूनच म्हणाली.

आई हसली नाही. तिने तेलाची वाटी खाली ठेवली.

“काहीतरीच कसं? बाकीच्यांचं तर बरोबर आलंय की.”

आईच्या या वाक्यामागे आदल्या संध्याकाळचं सगळं होतं, ते सांगायला हवं. केतकी लग्नाआधी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती, रक्त तपासायची. लग्नानंतर सुटलं. मी पुण्यात नोकरीला, सोमवार ते शुक्रवार तिकडे खोली घेऊन राहायचो, शनिवारी मिरजेला यायचो. ती इथे, आमच्या माणसांत. दीड वर्षापूर्वी तिने सरकारी परीक्षा दिली. दिली म्हणजे मीच म्हटलं होतं, दे की, वेळ तरी जाईल. आणि आता नेमणुकीचं पत्र आलं होतं. कणकवलीजवळच्या एका सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन, कायमची नोकरी. शुक्रवारपर्यंत हजर व्हायचं होतं, नाही तर नाव कटणार होतं.

आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं.

शनिवारी संध्याकाळी आम्ही सगळे बसलो. दादा म्हणाला, “लांब पडतं.” वहिनी म्हणाली, “एकटी कशी राहणार तिकडे?” आई म्हणाली, “मी काही बोलत नाही बाई, माझं काय, मी रांगत रांगत करीन.” मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी केतकीकडे. ती म्हणाली, “तुम्ही म्हणाल तसं.”

किती सुटल्यासारखं वाटलं मला! रडारड नाही, आदळआपट नाही. दादाने पाठीवर थाप मारली, म्हणाला, “नशीब काढलंस लेका.” मला ते पटलं. रात्री झोपताना एकदा मनात आलं, तिला एकटीला नीट विचारावं. मग म्हटलं, विचारलंय की सगळ्यांसमोर, आणखी काय विचारायचं? कूस बदलली आणि झोपलो.

म्हणजे त्या रविवारी दुपारी नकार देऊन झाला होता, पण पोस्टात पडला नव्हता. शुक्रवार पाच दिवस लांब होता. आणि अशा वेळी माझ्या बायकोला रेवती आली होती.

“आजकाल या फोनला माणसांच्या पोटातलं कळतं म्हणे,” आई म्हणाली.

आता या बोलण्याला आवर घालायचा तर मला एवढंच म्हणायचं होतं, की आई, खेळ आहे तो, सोड. पण एवढ्यावर गप्प बसेन तर तो मी कसला! मी टेस्टर होतो. कंपनीत दुसऱ्यांनी बनवलेले प्रोग्राम तपासायचो, चुका काढायचो. दादा कायम खिजवायचा, की लोकांची खोड काढायचा पगार घेतोस. घरात माझं काम नेमकं काय हे कुणालाच कळत नव्हतं आणि ते मला सलायचं. म्हटलं, चला, आज दाखवूच.

“हे सगळं थोतांड असतं, आई. निकाल आधीच ठरलेले असतात, आलटून पालटून टाकतात. मी आत्ता सिद्ध करून देतो. सई, आण फोन.”

खरं सांगतो, मला केतकीला वाचवायचं होतं. अजूनही मी स्वतःला हेच सांगतो.

सईने फोन दिला. मी टीपॉयवरची एक जुनी लग्नपत्रिका घेतली, तिच्या पाठीमागे नऊ रकाने आखले. दादा उठून बसला. वहिनीने अडकित्ता घेऊन माझ्या बाजूला सरकून घेतलं.

“हे बघा, नियम सोपा आहे,” मी मास्तरकीच्या सुरात म्हणालो. “एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं तसंच ठेवायचं. मग कळतं, कशाने काय होतं ते.”

पहिल्यांदा नऊच्या नऊ प्रश्नांना अ दाबलं. उमा. सगळ्यांना ब, आबासाहेब. सगळ्यांना क, मावशी. सगळ्यांना ड दाबून रेवती आली असती तरी ती नेमकी कुठल्या उत्तराने आली ते कळलं नसतं, म्हणून ते मागे ठेवलं.

“आणि हे काय कटकट आहे!” मी वैतागलो. कारण प्रत्येक उत्तर दाबलं की एक चौकोन यायचा, ‘हेच उत्तर नक्की?’ आणि त्याखाली हो, नाही. हो म्हटल्याशिवाय पुढचा प्रश्नच येत नव्हता. “कुठल्या गाढवाने बनवलंय हे? नऊ प्रश्नांना अठरा वेळा दाबायचं!”

“मला तर सकाळपासून बोट दुखायला लागलंय, काका,” सई म्हणाली.

मग एकेक बदलत गेलो. तुम्हाला गोड आवडतं की तिखट? बदललं. तरी उमाच. आवडता रंग? काही फरक नाही. पाहुणे अचानक आले तर? सणाला तुम्ही काय करता? दोन-तीन उत्तरं बदलली की उमाची मावशी व्हायची, मावशीचे आबासाहेब. पण रेवती काही येईना. दहा वेळा केलं, पंधरा वेळा केलं. पत्रिकेची पाठ आकड्यांनी भरली. दादा मोजत होता, वहिनी म्हणत होती, “भाऊजी, आता हिरवा रंग घालून बघा,” आणि सई माझ्या खांद्यावरून वाकून प्रश्न वाचत होती. फार दिवसांनी माझ्या घरचे माझं काम बघत होते. मला चढलं होतं, दुसरं काय!

“बघितलंत? पहिले सात प्रश्न नुसते शोभेचे आहेत,” मी म्हणालो. “त्यांनी रेवती येतच नाही. कितीही उलटसुलट करा.”

“मग केतकीला कशी आली?” आईने विचारलं.

“तेच काढतोय ना.”

खरं तर इथेच थांबायला हवं होतं. मी निघालो होतो सगळं बिनबुडाचं आहे हे दाखवायला, आणि पंधरा खेपांत एकदाही ते बिनबुडाचं निघालं नव्हतं. जे दाबावं तेच येत होतं, अगदी चोख. पण इतकं जवळ आल्यावर टेस्टर थांबत नसतो. आठवा आणि नववा प्रश्न राहिले होते. मी वाचतसुद्धा नव्हतो, फक्त अक्षरं दाबत होतो. आठव्याला ड, बाकी सगळे अ. उमा. नवव्याला ड, बाकी सगळे अ. पुन्हा उमा. मग दोन्हीला ड.

पहाटेच्या अंधारात बॅग घेऊन उभी असलेली रेवती पडद्यावर आली.

“सापडलं!” मी ओरडलोच. “आठव्याला ड आणि नवव्याला ड! दोन्ही एकदम लागतात. एक जरी हललं तरी नाही. बाकीच्या सातांना काहीही दाबा, गोड दाबा, तिखट दाबा, रेवतीच येणार. आणि या दोघांशिवाय रेवती यायचा दुसरा रस्ताच नाही!”

मी ते लगेच करूनही दाखवलं, दोनदा, पहिले सात वाटेल तसे दाबून. दोन्ही वेळा रेवती. दादाने टाळी दिली.

“वा रे पठ्ठ्या! म्हणजे केतकीने हेच दाबलं असणार.”

“हेच! शंभर टक्के!”

“काय प्रश्न आहे पण?” दादाने विचारलं. त्याचा चष्मा आत होता. “सई, वाच गं.”

सई चौदा वर्षांची होती. शाळेत धडा वाचावा तशी ती खणखणीत आवाजात वाचायला लागली. “प्रश्न आठ. घरातल्यांनी मिळून तुमच्या मनाविरुद्ध एखादी गोष्ट ठरवली तर? ड, गप्प राहीन, पण मनातून कधीच मान्य करणार नाही. प्रश्न नऊ. हे घर सोडून जावं असं तुम्हाला कधी वाटतं का? अ, कधीच नाही. ब, रागाच्या भरात. क, माहेरची आठवण आली की. ड...”

ती थांबली. तिलाही कळलं.

“ड काय?” आई म्हणाली.

“रोज,” सई हळूच म्हणाली.

आतला नळ बंद झाला. वहिनीचा अडकित्ता सुपारीवर तसाच राहिला. दादाने उगाच खुंटीवरचा शर्ट काढून अंगात घातला, पाहुणे आल्यासारखा. माझ्या हातात ती लग्नपत्रिका होती, तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ८ ड, ९ ड, आणि खाली दोन रेघा मारलेल्या.

केतकी स्वयंपाकघराच्या दारात आली. पदराला हात पुसत होती. तिने सगळं ऐकलं होतं, हे तिच्याकडे बघितल्यावर वेगळं विचारायची गरज नव्हती. ती रडत नव्हती, लाजलीही नव्हती. ती फक्त माझ्याकडे बघत होती. आईकडे नाही, दादाकडे नाही.

“रोज?” आई म्हणाली. “आम्ही काय छळतो का गं तुला? रोज?”

केतकी माझ्याकडेच बघत राहिली.

मला काय म्हणायचं होतं ते मला अगदी नीट माहीत आहे. त्यानंतर हजारदा म्हणून बघितलंय. शुक्रवारी आपण दोघं कणकवलीला जाऊ. एवढंच. आईच्या ऑपरेशनला मी महिनाभर रजा टाकतो. पाच-सहा शब्दांचं काम. ती त्याचीच वाट बघत होती. त्या क्षणी तरी बघत होती.

पण मला राग आला होता. चार माणसांत माझी शोभा झाली, याचा राग. काल ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणालीस आणि आज एका यंत्राला खरं सांगतेस? मला नाही, यंत्राला? आणि रागाच्या खाली भीती होती. आता ही खरंच निघाली तर? मग मी कुणाच्या जिवावर पुण्यात निवांत राहणार?

मी हसलो. कसा हसलो देव जाणे.

“चुकून दाबलं गेलं असेल. हो ना, केतकी?”

 मग तिने डोळे खाली घेतले.

“हो,” ती म्हणाली. “चुकूनच. हाताला रस होता.”

“पण काका,” सई म्हणाली, “ते तर प्रत्येक वेळी नक्की का म्हणून परत विचा...”

“सई!” मी असा ओरडलो की पोर दचकली. “मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही, कितीदा सांगायचं?”

 नंतर बऱ्याच दिवसांपर्यंत सई माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

“मग आता नीट भर की,” आई म्हणाली. “आमच्यासमोर. हात धुतलेलेच आहेत.”

आणि मी फोन केतकीपुढे धरला. तिच्या हातात दिला नाही, धरला. ती माझ्या बाजूला उभी राहून एका बोटाने दाबत गेली. प्रश्न वाचलेसुद्धा नाहीत. अ, नक्की, हो. अ, नक्की, हो. मी तिचं बोट बघत होतो. नखाच्या कडेला आंब्याचा पिवळा डाग होता, पण बोट स्वच्छ होतं, कोरडं होतं, आणि एकदाही घसरलं नाही. हात घसरला म्हणे! एकदा नव्हे, चार वेळा घसरायला हवा होता, आणि चारही वेळा नेमका तिथेच. माझ्याइतकं हे त्या खोलीत दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

उमा आली. कपाळावर मोठं कुंकू, हातात निरांजन.

“हां, हे बरोबर आलं,” आई म्हणाली आणि तिने तेलाची वाटी उचलली. वहिनीने सुपारी पुढे केली. दादा म्हणाला, “चहा टाक गं केतकी, सगळ्यांनाच.” तिने टाकला. माझ्या चहात नेहमीसारखं आलं घातलेलं होतं.

सोमवारी पहाटे मी निघालो. तिने डबा दिला, दारापर्यंत आली. मी म्हटलं, “काही बोलायचंय?” ती म्हणाली, “नाही.” मी गाडी चुकेल म्हणून निघालो. गाडीला अजून पाऊण तास होता.

शुक्रवार गेला. आईचं ऑपरेशन छान झालं. केतकीने इतकं केलं की शेजारच्या खाटेवरच्या बाईने विचारलं, मुलगी का तुमची? आई भेटायला येईल त्याला सांगायची, “आमच्या घरात उमा आहे हो, उमा.” केतकी औषधाच्या बाटल्या रांगेत लावत असायची.

अकरा वर्षं झाली त्याला. आई तीन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर मी केतकीला पुण्याला आणलं. आता दोघांचाच संसार, दोन खोल्यांचा फ्लॅट, समोर बाग. लोक म्हणतात, काय गुणाची बायको आहे तुमची, कधी आवाज नाही. खरंच नाही. सुट्टीत कुठे जायचं? तुम्ही म्हणाल तसं. पडदे कुठले घेऊ? तुम्ही म्हणाल तसं. मी म्हटलं, अगं, आता तरी एखाद्या लॅबमध्ये काम बघ. तर तीही गेली बिचारी चार ठिकाणी, मी म्हणालो म्हणून. मशीनं बदललीत, वय झालंय, असं सांगितलं त्यांनी. परत येऊन तिने कुकर लावला.

ती भांडत नाही, रुसत नाही. कधीतरी वाटतं, हिने एकदा ताट भिरकावावं माझ्या अंगावर. मी उचलून धुऊन ठेवीन. पण ती मला माझ्या आवडीचंच वाढते.

गेल्या महिन्यात सईचा फोन आला होता. ती आता बंगळुरूला असते, एकटी, नोकरी करते. केतकीशी पाऊण तास बोलली. आतल्या खोलीतून मला केतकीचं हसू ऐकू आलं, मोठ्याने, खळखळून. इतक्या वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं. मी दारात गेलो तेव्हा फोन ठेवून झाला होता आणि ती शेंगा निवडायला बसली होती.

मी तिच्यासमोर खाली बसलो. म्हटलं, जे तेव्हा विचारायचं होतं ते आज तरी विचारावं. इथे आई नाही, दादा नाही, कुणी नाही.

“केतकी, खरं सांग. घर सोडून जावं असं वाटतं का तुला कधी?”

“कधीच नाही,” ती म्हणाली.

“नक्की?”

तिने वर बघितलं. अकरा वर्षांपूर्वी दारात उभी राहून बघत होती, तसंच माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं, आता बोलेल. 

“हो,” ती म्हणाली, आणि उरलेल्या शेंगा पुढ्यात ओढून घेतल्या. “संध्याकाळी काय करू जेवायला?”